कमरेच्या उंचीवरून

नऊ जानेवारी. अठरा हजार चारशे रुपये.

एवढ्या किमतीची वस्तू सुतळीताईंच्या हाताखाली त्याआधी कधी आली नव्हती. टांगायचा काचेचा दिवा होता. रंग मधाचा, पोट कलिंगडाएवढं आणि मान मनगटाएवढी. दिवेवाल्याच्या दुकानात पाहुण्या बाईंनी नोटा मोजल्या आणि दिवा दुकानाबाहेर पडायच्या आत त्याची किंमत चार दुकानं ओलांडून जिन्याखाली येऊन पोचली. बाजारात माल डोक्यावरून जातो आणि भाव वाऱ्यावरून.

जिन्याखाली म्हणजे सुतळीताईंच्या जागेत. ती गल्ली पाहुण्यांची. एका टोकाला बसगाड्या थांबतात, दुसऱ्या टोकाला बोटींचा धक्का आहे, आणि मधल्या पट्ट्यात काचेचे दिवे, मातीच्या सुरया, लाकडी मुखवटे, बाहुल्या, पंखे, छत्र्या असं सगळं दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. गावातलं माणूस तिथे सहसा काही घेत नाही. घेतलं तरी बायकोला खरा भाव सांगत नाही. पाहुणा मात्र येतो, भुलतो, घेतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की ही सुरई आता विमानातून, दोन बसमधून आणि जावयाच्या गाडीतून घरापर्यंत न्यायची आहे. काही जणांना हे हॉटेलच्या खोलीत सुचतं. जे शहाणे असतात त्यांना गल्लीतच सुचतं. अशा शहाण्यांसाठी, तिमजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे सरळ उभं राहिलं तर टाळू आपटते अशा जागेत, सुतळीताई एकतीस वर्षं बसत होत्या.

त्यांचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं. अंगाने काटकुळ्या आणि गळ्यात कायम सुतळीचा गुंडा, म्हणून सुतळीताई. पाठीमागे लोक 'सुतळीबॉम्ब' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणत, "म्हणू देत. पण वात कोण पेटवतं तेवढं मी लक्षात ठेवते."

भोवती पुठ्ठ्यांच्या थप्प्या, जुनी वर्तमानपत्रं, पेंढ्याचं पोतं आणि चादरींच्या चिंध्यांची दोन गाठोडी. नवा कोणी दुकानदार आला की हा पसारा बघून हमखास म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ताईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "चिंध्या भाराभर आहेत म्हणूनच तुमचा माल धड राहतो."

पण त्यांची ओळख चिंध्यांची नव्हती. बांधून झालं की त्या उभ्या राहायच्या, खोकं दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खालच्या दगडी फरशीवर टाकून द्यायच्या. ठेवायच्या नाहीत, टाकायच्या. गिऱ्हाइकाच्या तोंडून आवाज निघायचाच. मग खोकं त्याच्या कानाशी धरून हलवायचं. आत काही वाजलं नाही तर वरून शेवटची सुतळी, आणि मगच पैसे. वाजलं तर वस्तूची किंमत सुतळीताईंनी भरायची. एकतीस वर्षांत तीनदा भरली होती. एक मातीची सुरई, एक चिनी मातीची वाटी आणि एक आरसा. या तिन्हींबद्दल त्या कुणालाही सांगायच्या, अगदी मागे लागून सांगायच्या. "तीनच," म्हणताना त्यांची मान जरा वर व्हायची.

ही टाकायची पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका पाहुणीची फुलदाणी त्यांनी बांधून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती बाई परत आली, खोकं ताईंच्या मांडीवर ठेवलं, आणि काही न बोलता निघून गेली. आत तुकडे होते. तिने पैसे मागितले असते तर भांडता आलं असतं. ती नुसतीच गेली. ताईंना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "हिचं हॉटेल जवळ होतं म्हणून ही परत तरी आली. बाकीच्यांचं काय झालं असेल?"

नवरा तेव्हा शहरबसवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "मी ब्रेक लावला की गाडी थांबते का नाही ते मला तिथेच कळतं. तुझा धंदा अवघड आहे बाई."

त्याने ते सहज म्हटलं, पण ताईंच्या डोक्यात ते रुतून बसलं. शिंप्याचा सदरा अंगावर चढला की शिंप्याला कळतं. स्वयंपाक बिघडला की पहिल्या घासाला कळतं. बांधणाऱ्याचं काम जिथे उघडतं तिथे बांधणारा नसतो. तो जन्मभर बांधतो आणि आपण चांगलं बांधतो का वाईट, हे त्याला कधीच कळत नाही. ताईंना हे पटेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टाकायला सुरुवात केली. "फुटायचंच असेल तर माझ्यासमोर फुटू दे," एवढंच त्या म्हणाल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला.

गल्लीतले दुकानदार आधी हसले, मग घाबरले, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचीच जाहिरात करू लागले. पाहुणा भावात अडला की म्हणायचे, "घ्या हो, आमच्याकडे आपटून बांधून देतात."

या कामात एक रिवाज गल्लीने मिळून ठरवला होता. पहिला कागद दुकानाचा. म्हणजे वस्तू विकली की दुकानदाराने ती गिऱ्हाइकासमोर एका कागदात गुंडाळून, वर आपल्या दुकानाची चिठ्ठी चिकटवून ताईंकडे पाठवायची. तो कागद ताईंनी उघडायचा नाही. उघडला तर उद्या कोणीही म्हणेल की जिन्याखाली वस्तू बदलली. त्या कागदाच्या बाहेरचं सगळं ताईंचं. हा रिवाज इतका मुरला होता की ताईंचा हात त्या चिठ्ठीपाशी आपोआप थांबायचा.

त्या जानेवारीत ताईंच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. बाजाराच्या कार्यालयाने नोटीस लावली होती. जिन्याखाली, वळचणीला, कमानीत जे वर्षानुवर्षं बसतात त्यांना आता रीतसर गाळे मिळणार होते. क्रमांक, पावती, पत्र्याचं दार आणि वर पाटी लावायचा हक्क. अनामत वीस हजार. मुदत महिनाअखेर. जो भरणार नाही त्याने एक तारखेला सामान उचलायचं. जिन्याखालची जागा शेजारच्या छत्रीवाल्याला गोदामाला हवीच होती. तो रोज येता-जाता जिन्याची उंची नजरेने मोजत असे.

ताईंच्या डब्यात बावीस हजार चारशे होते. म्हणजे प्रश्न नव्हता. सोमवारी जाऊन भरायचे, एवढंच. एकतीस वर्षं ज्या जागेतून कोणीही 'उठा' म्हणू शकत होतं, ती जागा सोमवारी आपली होणार, या विचाराने ताई दोन दिवस गुणगुणत होत्या.

आणि मधे हा दिवा आला.

पाहुण्या बाई साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात धावायचे बूट. बरोबर एक तरुण गाईड होता, तो इकडचं तिकडे बोलून सांगायचा. त्याने सांगितलं, "मावशी, या बाईंच्या बहिणीने नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक वाडगा बांधून नेला होता. तो अजून तिच्या जेवणाच्या टेबलावर आहे. बहीण म्हणाली, गल्लीत कुठूनही काहीही घे, पण बांधायला टाकणारीकडेच जा."

ताईंनी मान खाली घातली आणि पुठ्ठा कापू लागल्या. एकतीस वर्षांत उघडलेल्या खोक्याची बातमी त्यांच्यापर्यंत अशी पहिल्यांदाच आली होती. शेजारच्या बाहुलीवाल्या वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, पुठ्ठा उलटा कापताय."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या आणि तो पुठ्ठा बाजूला टाकला.

तेवढ्यात भाचा दिवा घेऊन आला. दिव्यांचं दुकान खरं त्याच्या मामांचं. मामा गुडघ्यांनी घरी बसले आणि दीड वर्षापूर्वी दुकान भाच्याच्या हातात आलं, तेव्हापासून सगळी गल्ली त्याला भाचाच म्हणत होती. पोरगा मेहनती होता, पण भित्रा. ताक फुंकून पिणारी माणसं असतात. हा थंड पाणीही फुंकून प्यायचा. दिवा त्याने तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांत धरला होता. पहिला कागद, वर चिठ्ठी, सगळं रिवाजाप्रमाणे.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हा नका टाकू."

"का?"

"अठरा हजार चारशेचा आहे."

"म्हणजे अठराशेचा असता तर टाकू?"

"तसं नाही. जोडीतला आहे. मामांनी स्वतः भट्टीवर बसून फुंकून घेतलेले दोनच. बाई काही म्हणत नाहीयेत. नुसता बांधून द्या."

"बाई काही म्हणत नाहीयेत? त्या इतक्या लांबून तेवढ्यासाठी आल्या आहेत." ताईंनी हात पुढे केले. "आण इकडे. आणि तोंड असं करू नकोस. गिऱ्हाइकाला वाटेल दुकानात कोणी गेलं."

भाच्याने दिवा दिला. ताईंनी तो तळहातावर तोलला आणि क्षणभर थांबल्या. जड लागला. पण मोठा दिवा, जाड काच, असेल जड, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चिठ्ठीपाशी हात थांबला तो थांबलाच.

मग त्यांनी बांधायला घेतलं. आधी चिंध्यांची चुंबळ, तिच्यावर दिव्याचं बूड. मानेला सैल गुंडाळलेला सुती पट्टा. भोवती पुठ्ठ्याची नळी, नळीबाहेर पेंढा, पेंढ्याबाहेर दुसरं खोकं. पेंढा दाबायचा नाही, नुसता बसवायचा. पाहुणे नेहमी म्हणत की अजून भरा, अजून भरा, आणि ताई नेहमी मान हलवत. वस्तूला थोडं हलायला जागा हवी. घरातल्या सुनेसारखंच ते. चहूबाजूंनी आवळलं की तडकते. बाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

सुतळीची गाठ बसली. ताई जिन्याबाहेर आल्या, खोकं कमरेपर्यंत उचललं, आणि टाकलं.

एरवी खोकं पडायचा एकच आवाज यायचा. या वेळी दोन आले. पहिला बाहेरचा, आणि त्याच्या पोटातून दुसरा, दबलेला, सुपारी फुटावी तसा.

कानाशी धरायची गरज नव्हती. तरी ताईंनी धरलं, आधी बाईंच्या आणि मग आपल्या. मग खाली बसून त्यांनी सुतळी कापली. पेंढा काढला, नळी काढली. पहिला कागद बाईंसमोर उघडला. दिवा पोटाशी उभा चिरला होता, वरपासून खालपर्यंत. आणि त्या चिरेतून वर्तमानपत्र दिसत होतं. दिव्याचं अख्खं पोट कागदाच्या बोळ्यांनी ठासून भरलेलं होतं, मानेपर्यंत, उशीत कापूस भरावा तसं.

ताईंनी मान वर करून भाच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा कागदापेक्षा पांढरा झाला होता. त्यांना सगळं समजलं. पोराने टाकायच्या भीतीने आतून आधार दिला होता. पोकळ काच थोडी तरी दबून सावरते. तिच्या पोटात दगडासारखा बोळा कोंबला तर तिने जायचं कुठे? वाचवायला गेला आणि त्यानेच मारलं.

भाचा तोंड उघडणार होता. ताईंनी बोट वर केलं. गिऱ्हाईक उभं असताना गल्लीतली माणसं एकमेकांची धुणी धूत नाहीत.

"बाईंना सांग," त्या गाईडला म्हणाल्या, "फुटला. माझ्यासमोर फुटला म्हणून बरं झालं. दुसरा देते. भाच्या, जोडीतला दुसरा आण. कागद न लावता आण."

बाई गाईडशी काही बोलल्या. गाईड म्हणाला, "त्या म्हणतात, आता टाकू नका. त्यांचा विश्वास आहे. नुसता बांधून दिला तरी चालेल."

वहिनींनीही खालच्या आवाजात म्हटलं, "ताई, ऐका. त्या नको म्हणतायत. सोमवारी कार्यालयात जायचंय तुम्हाला. एक गेलाच आहे, हाही गेला तर गाळा विसराच. छत्रीवाला तिकडे उभाच आहे बघा."

छत्रीवाला खरंच उभा होता. एव्हाना निम्मी गल्ली उभी होती. एक दिवा गेला होता, दुसरा गेला तर डबा रिकामा आणि जागा छत्र्यांची. नुसता बांधून दिला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मग त्या बाईंच्या घरी खोकं उघडेपर्यंत, आणि उघडल्यानंतरही, ताईंना कधी कळलं नसतं. पुन्हा तीच पहिल्या वर्षीची गत.

"विश्वास त्यांचा आहे," ताई म्हणाल्या. "माझाही असायला नको का?"

दुसरा दिवा आला. उघडा, उन्हात लखलखणारा. या वेळी पहिला कागदही ताईंनीच लावला; बाईंना विचारून, भाच्याला विचारून, सगळ्यांदेखत. पोट रिकामं ठेवलं. तीच चुंबळ, तोच पट्टा, तीच नळी. काहीही जास्त घातलं नाही. वहिनी मधेच म्हणाल्या, "अजून एक चिंधी तरी घाला हो." ताईंनी ऐकून घेतलं आणि घातली नाही. जास्त घातली तर पहिलं बांधणं कमी होतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते कमी नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या. खोकं उचललं. भाच्याने डोळे मिटले. ताईंनी मात्र पडेपर्यंत खोक्यावरची नजर काढली नाही.

एकच आवाज आला.

बाईंनी खोकं स्वतः उचललं, कानाशी धरलं, हलवलं. पुन्हा हलवलं. मग गाईडच्या कानाशी धरलं, तो उगाच लाजला. बाईंनी खोकं खाली ठेवलं, ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्या भाषेत बरंच काही बोलल्या. गाईड ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे, त्या खूश आहेत."

"एवढ्या बोलल्या आणि तू एवढंच सांगतोस? पैसे शब्दावर घेतोस का दिवसावर?" वहिनी म्हणाल्या, आणि गल्ली हसली, आणि छत्रीवाला आपल्या दुकानात गेला.

बांधणावळीचे दीडशे रुपये देऊन बाई धक्क्याकडे निघाल्या. त्या वळणाआड होईपर्यंत भाचा थांबला. मग तो ताईंसमोर जमिनीवरच बसला.

"मावशी, चूक माझी आहे. मी भरला होता कागद. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावला असता म्हणून सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"मग झालं तर. तुमच्याकडे काही येणं नाही."

"कसं नाही? बांधला मी, टाकला मी. अठरा हजार चारशे माझ्याकडे निघतात."

"एक पैसाही घेणार नाही."

"हातात घेतला तेव्हाच मला जड लागला होता. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती माझी चूक. पंधरा घे."

"शंभर द्या. तुमचं समाधान म्हणून."

"शंभरात तुझ्या दुकानात वात येत नाही. चौदा."

"पाचशे. त्याच्यावर एक रुपया नाही."

"तेरा. आणि माझं नाव खराब करू नकोस."

"मावशी, मामा मला घरात घेणार नाहीत. हजार."

बाहुलीवाल्या वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, मी लग्न करून या गल्लीत आले तेव्हापासून भाव ऐकतेय. पण घेणारा पाडतोय आणि देणारा चढवतोय हे आजच बघितलं. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत दोघंही एकमेकांना दुकानं लिहून द्याल." त्यांनी स्टूल ओढलं आणि मधे बसल्या. "गप्प बसा दोघं. भाच्या, विक्रीची किंमत सोड. दिवा पाहुण्याला विकलास, ताईंना नाही विकलास. खरेदी किती ते सांग."

खरेदीचा भाव ही या गल्लीत उघड बोलायची गोष्ट नव्हे. नवरा-बायको वेगळे होतील, पण खरेदी कोणी चारचौघांत सांगणार नाही. समोरच दुसरा दिवेवाला हातात फडकं घेऊन, एकच काच दहा मिनिटं पुसत उभा होता.

"माझ्या कानात सांग," वहिनी म्हणाल्या.

भाच्याने समोर पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. ताईंनी आपला डबा आणून मधे ठेवला होता. झाकणही काढलं होतं.

"अकरा हजार दोनशे," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

समोरच्याचं फडकं थांबलं. दीड वर्षात भाच्याने असा आवाज कधी काढला नव्हता. ताईंना तो त्या क्षणी पहिल्यांदा दुकानदार वाटला.

"चूक दोघांची," वहिनी म्हणाल्या. "निम्मे निम्मे. पाच हजार सहाशे. यापुढे जो बोलेल त्याला माझ्या सगळ्या बाहुल्या रंगवाव्या लागतील."

ताईंनी मोजून दिले. भाच्याने न मोजता घेतले. ताईंनी ते त्याच्या हातातून परत काढून त्याला मोजायला लावले. पैसा न मोजता घेणं हा देणाऱ्याचा मान नाही, असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी मामांचा घरून निरोप आला. भाच्याने तो तसाच्या तसा गल्लीत सांगितला: "मामा म्हणाले, खरेदी सांगितलीस ते बरोबर केलंस. आता महिनाभर समोरच्याच्या तोंडाला लागू नकोस."

घरी नवरा खिडकीशी बसून शेंगा सोलत होता. निवृत्त झाल्यापासून घरातली कामं त्याच्याकडे होती. ताईंनी पदर सोडून तोंड धुतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन आवाज, वर्तमानपत्र, दुसरा दिवा, वहिनींचा निवाडा. त्याने ऐकून घेतलं. शेंग सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे डब्यात किती राहिले?"

"सोळा हजार आठशे."

"तीन हजार दोनशे कमी."

"हिशेब मलाही येतो."

"दुसरा टाकलाच का पण? त्या बाई नको म्हणत होत्या."

"अहो, तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत. एकदा ब्रेक लागला नाही म्हणून पुढच्या उतारावर ब्रेक न लावताच गेला असता?"

नवऱ्याने शेंगा बाजूला ठेवल्या. मग उठला, कपाटावरची जुनी पेटी खाली काढली, गणवेशाच्या कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि ताईंसमोर ठेवलं. "मोज. साडेतीन असतील."

ताई पाकिटाकडे बघतच राहिल्या. "हे कुठले?"

"माझे आहेत. दुर्बीण घ्यायची होती."

"दुर्बीण? कशाला?"

"बोटी बघायला. इथून नुसते ठिपके दिसतात."

"तीस-पस्तीस वर्षं संसार केला तुमच्याशी, आणि तुम्हाला बोटी बघायच्या असतात हे मला कोटाच्या खिशातून कळतंय."

"तू विचारलं नाहीस. जड लागल्यावर विचारावं, असं आत्ताच कोणीतरी म्हणत होतं."

ताई हसल्या. मग त्यांनी बत्तीसशे मोजून घेतले, उरलेले तीनशे पाकिटात घालून पाकीट परत दिलं. "उसने घेतेय. फेडणार."

"नवऱ्याचे उसने?"

"नवऱ्याची दुर्बीण."

सोमवारी ताई धुतलेली साडी नेसून बाजाराच्या कार्यालयात गेल्या. कारकुनाने वीस हजार मोजले, नाव विचारलं, त्यांनी कागदावरचं नाव सांगितलं. तो थांबला. "या नावाचं कोणी त्या गल्लीत बसत नाही," तो म्हणाला. रांगेत मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, सुतळीताई त्या." कारकून उभा राहिला आणि त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याच्या बहिणीची लग्नातली काचेची भांडी दोन वर्षांपूर्वी ताईंनीच बांधून दिली होती. सासरी सगळी धड पोचली, असं त्याने पावती फाडता फाडता सांगितलं. एकाच आठवड्यात उघडलेल्या खोक्याची ही दुसरी बातमी. ताईंनी पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि घरी यायच्या आधी वाट वाकडी करून जिन्याखाली जाऊन आल्या. बसल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, मान वाकवून, आणि परत निघाल्या.

आता तिथे पत्र्याचं दार आहे, निळं. पाटी भाच्याने स्वतःच्या खर्चाने रंगवून दिली. पहिल्यांदा त्याने 'पॅकिंग सेंटर' लिहून आणलं होतं, ते ताईंनी पुसायला लावलं. आता पाटीवर फक्त 'सुतळीताई' आहे आणि खाली बारीक अक्षरात, 'टाकून दाखवले जाईल.' पाहुणे त्या पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. तीन वस्तू फुटल्याचं ताई अजून सगळ्यांना सांगतात, फक्त तीनच्या जागी आता चार म्हणतात. चौथी का फुटली ते सांगताना भाच्याचं नाव घेत नाहीत. "जड लागली, विचारलं नाही," एवढंच म्हणतात. काचेच्या वस्तूचा पहिला कागद आता गल्लीत ताईंसमोरच लावतात. भाचा तर दिवा उलटा करून पोट रिकामं असल्याचं दाखवतो, पाहुण्याने मागितलं नसलं तरी.

नवऱ्याचे त्या दर शनिवारी शंभर-दोनशे देतात. तो घेतो आणि मोजतो. अठ्ठावीसशे फिटले. चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.